भीमाशंकर अभयारण्यात स्वयंसेवक म्हणून काम करायचे आहे, सुरुवात कोणाकडून करावी?

कोथरूडकर_निवृत्त

नमस्कार मंडळी,

मी गेल्या मार्चअखेरीस बँकेच्या नोकरीतून निवृत्त झालो. कोथरूडला राहतो, गुडघे अजून शाबूत आहेत, महिन्यातून दोनदा सिंहगड चढतो, आणि आठवड्यातला एखादा दिवस जंगलाच्या कामाला द्यावा ही फार दिवसांची इच्छा आता पुरी करायची आहे. मनात भीमाशंकर आहे, याचे कारण शेकरू. तीन वर्षांपूर्वी मेअखेरीस गुप्त भीमाशंकरच्या वाटेवर एका जांभळीवर ते प्रथमच नीट पाहायला मिळाले. मागच्या पायांनी फांदी पकडून ते जवळजवळ उलटे लोंबकळत होते, पुढच्या दोन्ही पंजांत जांभूळ धरून सावकाश खात होते, आणि बिया खाली आमच्या टोप्यांवर पडत होत्या. वीस-पंचवीस वर्षे देवदर्शनाला जात असूनही या रानाकडे आपण वाटेतली झाडी म्हणूनच पाहत आलो, याची त्या दिवशी लाज वाटली.

गेल्या वर्षी पावसाच्या तोंडावर एका संस्थेच्या संवर्धन शिबिराला माणशी अठराशे रुपये भरून गेलो होतो. बसमध्ये हिरवे टी-शर्ट वाटले गेले, घोषणा झाल्या, आणि बीजगोळ्यांच्या चार टोपल्या घेऊन आम्ही चाळीस जण नाक्यावर उतरलो. तेथील वनरक्षकाने परवानगीचे पत्र मागितले, ते कोणाकडेच नव्हते. त्याने एक गोळा फोडून पाहिला आणि आत गुलमोहर व सुबाभळीच्या बिया निघाल्यावर टोपल्या तशाच परत बसमध्ये ठेवायला लावल्या. आयोजकांनी रस्त्याच्या कडेला फलक धरून छायाचित्रे काढून घेतली आणि आम्ही जेवून परत आलो. त्या वनरक्षकाचा त्या वेळी राग आला होता, हे कबूल करतो.

आता हे नीट करायचे आहे. परवानगी कोणाकडे मागावी, माझ्या वयाच्या माणसाला कोणते काम झेपेल आणि त्याचा खरोखर उपयोग होईल का, बुद्ध पौर्णिमेच्या प्राणीगणनेत मचाणावर बसायला मिळते ते याच कामात मोडते का, हे जाणकारांनी सांगावे. माझा पुतण्या महाविद्यालयात आहे आणि त्याला साप-बिबटे वाचवण्याच्या कामात, म्हणजे ‘रेस्क्यू’मध्ये, फार रस आहे. त्याच्यासाठीही मार्गदर्शन हवे आहे.

जाळरेषा

काका, नमस्कार. मी पिंपरीच्या एका कारखान्यात नोकरी करतो आणि गेली आठ वर्षे सुट्टीच्या दिवशी भीमाशंकरला कामासाठी जातो. आपल्याला ज्या वनरक्षकाने थांबवले त्याने आपले काम चोख केले, हे आधी सांगतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मधील कलम २७ नुसार अभयारण्यात परवान्याशिवाय जाता येत नाही. त्यातून सूट आहे ती कर्तव्यावरील सरकारी कर्मचाऱ्यांना, आतल्या रहिवाशांना व जमीनमालकांना आणि सार्वजनिक रस्त्याने जाणाऱ्यांना. आपण आजवर देवळापर्यंत गेलात ते त्या शेवटच्या सवलतीवर. रस्ता सोडून चाळीस माणसे टोपल्या घेऊन रानात शिरणार असतील, तर तो प्रकार वेगळा होतो. परकीय झाडांच्या बिया आणणे हा तर त्याहून मोठा घोळ होता. सुबाभूळ एकदा रुजली की तिच्याखाली दुसरे काही फारसे उभे राहत नाही.

परवानगीसाठी लोक चुकीच्या दारात उभे राहतात आणि महिनोन्‌महिने उत्तराची वाट पाहतात. भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली घोषित झाले, त्याचे क्षेत्र सुमारे १३१ चौरस किलोमीटर आहे, आणि त्याचा कारभार वन्यजीव विभागाकडे आहे. त्याला लागून असलेली आंबेगाव-जुन्नरकडची इतर जंगले मात्र प्रादेशिक विभागाकडे, म्हणजे जुन्नर वनविभागाकडे आहेत. डोंगर एकच असला तरी कार्यालये दोन आहेत. आपण वन्यजीव विभागाच्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या नावे साधा अर्ज करावा आणि त्याची प्रत उपवनसंरक्षकांना द्यावी. अर्जात वय, रक्तगट, घरच्या माणसाचा दूरध्वनी, महिन्यातले कोणते दिवस आणि किती महिने देणार हे स्पष्ट लिहावे. ‘निसर्गाची आवड आहे’ असे लिहिलेले अर्ज त्यांच्याकडे ढिगाने येतात. ‘जानेवारी ते मे दर शनिवारी येईन’ असे लिहिलेला अर्ज क्वचित येतो आणि साहेब तो बाजूला काढून ठेवतात, हा माझा अनुभव आहे. मी स्वतः असा अर्ज दिल्यावर दोन महिने काही झाले नाही. तिसऱ्या महिन्यात एका परिमंडळाच्या वनपालांचा फोन आला आणि त्यांनी एवढेच विचारले, ‘विळा धरता येतो का?’

येत नव्हता, पण आता येतो. इथले मुख्य काम वणव्याचे आहे. सह्याद्रीतला वणवा बहुतेक वेळा माणसाच्या हातून लागतो. पुढच्या पावसात गवत चांगले येते या समजुतीने कोणी पेटवते, कोणी विडी टाकते, कोणी रात्री तंबूसमोर शेकोटी करून ती अर्धवट विझवून जाते. तो लागू नये म्हणून हिवाळा सरता सरता जाळरेषा काढतात. ठरलेल्या ओळीवरचे गवत आणि पाचोळा कापून, ओढून, पहाटेच्या दंवात किंवा वारा पडलेला असताना माणसांच्या पहाऱ्यात जाळून टाकायचा, म्हणजे पुढे आग आली तरी त्या उघड्या पट्ट्यापाशी तिला खायला काही उरत नाही. ऐकायला सोपे वाटणारे हे काम करताना पहिल्या तासात माझ्या तळहाताला तीन फोड आले होते. डोंगरउतारावरचे गवत कुसळांनी भरलेले असते, ती कुसळे मोज्यांतून आत शिरतात आणि रात्री घरी आल्यावर दिव्याखाली बसून चिमट्याने काढावी लागतात. सुती कपडे आणि घोट्यापर्यंतचे बूट घालावेत, आणि नायलॉनचे काही अंगावर ठेवू नये, कारण ठिणगी पडली तर ते कातडीला चिकटते.

प्रत्यक्ष आग विझवायला मात्र पहिल्या वर्षी जाऊ नका आणि कोणी बोलावले तरी नकार द्या. आग चढावर पळते, उतारावर हळू येते, आणि आगीच्या वरच्या बाजूला उभा राहिलेला शहाणा माणूसही काही क्षणांत अडकतो. तिथे स्थानिक वनमजूर हिरव्या फांद्यांनी झोडपून किंवा पाठीवरच्या ब्लोअरने काम करतात आणि त्यांना वाऱ्याची नस माहीत असते. आपण घरी बसूनही मदत करू शकता. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडे नाव नोंदवले की उपग्रहाने टिपलेल्या आगीच्या ठिकाणांच्या सूचना आपल्याला मिळतात. त्यातली सूचना खरी आहे की कोणाच्या शेतातला पालापाचोळा पेटला आहे, हे गावात फोन करून विचारणे आणि वनरक्षकाला कळवणे एवढे काम आमच्यातला एक अपंग मित्र औंधच्या घरातून करतो. मागच्या हंगामात त्याच्या फोनमुळे आम्ही दोनदा वेळेवर पोहोचलो.

शेकरूसाठी काम करायचे असेल तर घरट्यांची नोंद हा उत्तम मार्ग आहे. शेकरू दिवसा वावरते, पण गर्द छतात ते दिसेलच असे नसते, म्हणून घरटी मोजतात. डहाळ्या आणि पाने रचून केलेला, फुटबॉलपेक्षा मोठा गोळा उंच झाडाच्या अशा जागी असतो जिथे शेजारच्या झाडाची फांदी टेकलेली असते, कारण पळून जायची वाट त्याला आधी हवी असते. एक शेकरू अनेक घरटी बांधते आणि त्यांतली एक-दोनच वापरात ठेवते, त्यामुळे ‘साठ घरटी म्हणजे साठ शेकरू’ असे गणित मांडणाऱ्याला आमचे वनपाल चहासुद्धा देत नाहीत. आखलेल्या रेषेवरून संथ चालायचे, घरटे दिसले की झाड कोणते (अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा, आंबा), छातीइतक्या उंचीवर खोडाचा घेर किती, घरट्याची पाने हिरवी की वाळलेली, छत सलग आहे की तुटलेले, एवढे तक्त्यात भरायचे. मान दुखते. दोन तासांत पाचशे मीटर झाले तर खूप झाले. पण छत कुठे तुटते आहे, म्हणजे कोणत्या झाडावरून पलीकडे उडी मारणे शेकरूला जमणार नाही, हे याच तक्त्यांतून कळते.

मचाणाबद्दल: बुद्ध पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर बसायला जरूर जा, तो अनुभव वेगळाच असतो. हल्ली वन विभागही त्याला ‘निसर्गानुभव’ म्हणतो, कारण एका रात्रीत पाण्यावर आलेल्या जनावरांच्या मोजणीवरून संख्येचा शास्त्रीय अंदाज बांधता येत नाही. त्याला काम म्हणू नये, इतकेच.

डिंभ्याच्या_वरचा

साहेब, मी डिंभे धरणाच्या वरच्या अंगाच्या गावचा आहे. आमची वस्ती महादेव कोळी समाजाची. वरच्या भावाला मी ओळखतो, त्यांनी लिहिलेले बरोबर आहे, परंतु गावाच्या बाजूने काही सांगायचे राहिले आहे.

पुण्याहून येणारा प्रत्येक माणूस आम्हांला वणवा कसा वाईट हे समजावून सांगतो. आमच्याकडे उन्हाळ्याच्या सुरुवातीला बाळहिरडा गोळा करतात, तो वाळवून विकला की घरात रोख पैसा येतो, आणि वणव्यात हिरड्याची झाडे होरपळली की त्या वर्षीचा तो पैसा गेला. तेव्हा आगीचे नुकसान आम्हांला पत्रके वाटून शिकवायची गरज नाही. आग लावणारे काही जण आमच्यातही आहेत, हे नाकारत नाही. ते कोण, हे गावाला माहीत असते आणि त्यांना गावच समजावू शकते. आलेल्या पाहुण्याने सभेत उभे राहून दटावले की तो माणूस पुढच्या वर्षी मुद्दाम लावतो, हेही पाहिले आहे.

देवराईचेही तसेच. आहुपे आणि आसपासच्या देवराया आमच्या पूर्वजांनी देवाच्या धाकाने राखल्या. १९७०च्या दशकात डॉ. माधव गाडगीळ आणि डॉ. वर्तक यांनी पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला, त्यानंतर बाहेरच्या जगाला त्यांची किंमत कळली. आता पावसाळ्यात रात्री चमकणारी बुरशी पाहायला लोक येतात, बुरशीच्या वाळक्या फांद्या उचलून छायाचित्रासाठी एकत्र मांडतात आणि चिखल तुडवून जातात. आजीच्या काळी देवराईत चप्पल घालून कोणी जात नसे. चपलेचे सोडा, निदान फांदी तिथल्या तिथे राहू द्यावी एवढी अपेक्षा आहे.

आपण बँकेतले आहात म्हणून एक वेगळी विनंती करतो. अभयारण्यातल्या गावांमध्ये ग्राम परिस्थितिकीय विकास समित्या असतात. गॅस जोडणी, सौर दिवे, वाटाड्यांचे प्रशिक्षण, नाक्यावरचे शुल्क यांचे पैसे समितीच्या खात्यातून फिरतात, आणि त्याची रोजकीर्द व खतावणी ठेवणारा माणूस आमच्याकडे मिळत नाही. आमच्या समितीच्या सचिवाने दोन वर्षांच्या पावत्या एका बिस्किटांच्या डब्यात ठेवल्या आहेत. लेखापरीक्षण अडले की पुढचा हप्ता अडतो, हप्ता अडला की जाळरेषेवरच्या पोरांची मजुरी थांबते, आणि मजुरी थांबली की फेब्रुवारीत रेषेवर माणूस नसतो. आपण महिन्यातून एक दिवस येऊन आमच्या दोन मुलींना (एक बारावी झालेली आहे, दुसरी वाणिज्य शाखेत शिकते) हिशेब लिहायला शिकवलेत, तर जंगलाला त्याचा जो उपयोग होईल तो शंभर रोपांनी होणार नाही. जेवण आमच्याकडे. नाचणीची भाकरी चालत असेल असे धरून चालतो.

सुप्याची_पशुवैद्य

नमस्कार. मी पशुवैद्य आहे आणि बारामती-दौंड पट्ट्यात काम करते. भीमाशंकरबद्दल मला अधिक सांगता येणार नाही, पण या चर्चेत पुण्याच्या पूर्वेकडचे जंगल कोणाला आठवले नाही म्हणून लिहीत आहे. ते जंगलासारखे दिसत नाही, हीच त्याची अडचण आहे. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली घोषित झाले आणि ते जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे आहे. तिथे चिंकारा आहेत. त्याच्या आजूबाजूला, इंदापूर-बारामतीच्या माळांवर, लांडगा, तरस, खोकड, धाविक, चंडोल असे सगळे गवताळ प्रदेशाचे रहिवासी आहेत आणि त्यांतला मोठा हिस्सा अभयारण्याच्या हद्दीबाहेर राहतो. कडबनवाडी आणि शिरसुफळला वन विभागाने गवताळ सफारी सुरू केल्यापासून लोक येऊ लागले आहेत, तरीही दर जूनमध्ये कोणती ना कोणती कंपनी कर्मचाऱ्यांसह झाडे लावायला माळावर हजर होते.

माळावर झाडे लावू नयेत. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटले आहे की माझ्या मुलाला ते पाठ आहे. चिंकारा उघड्यावर दूरवर पाहून जगतो, टिटवी आणि धाविक जमिनीवरच अंडी घालतात, आणि खड्डे व समतल चर खणले की शेकडो वर्षे बसलेली गवताची मुळे उचकटली जातात आणि त्या जागी गाजरगवत येते. पडीक म्हणून कागदावर नोंदलेली जमीन जिवंत असू शकते, हे महसुली शब्दांनी आपल्याला विसरायला लावले आहे.

मग करायचे काय, तर कुत्री. माळावरच्या वन्यप्राण्यांना आज मोकाट आणि राखणीच्या कुत्र्यांपासून मोठा धोका आहे. ती चिंकाराची पाडसे पळवून थकवतात, रेबीज आणि कॅनाइन डिस्टेंपरसारखे रोग लांडग्यांपर्यंत नेतात, आणि पुण्याजवळच्या माळांवर लांडगा व कुत्रा यांच्या संकराचे जनुकीय पुरावेही मिळाले आहेत. अभयारण्याच्या कडेच्या वाड्यावस्त्यांवर आम्ही लसीकरण करतो. सकाळी सहाला थर्माकोलच्या पेटीत बर्फाच्या पिशव्यांमध्ये लशीच्या बाटल्या भरून निघायचे, कारण दोन ते आठ अंश तापमान सुटले की लस पाण्यासारखी होते. मालक कुत्रे धरतो, मी सुई देते, तिसरा माणूस वहीत वस्ती, मालक, कुत्र्याचा रंग, वय लिहितो, आणि चौथा त्याच्या पाठीवर रंगाचा पट्टा ओढतो म्हणजे दुपारी त्याच कुत्र्याला पुन्हा टोचले जात नाही. तिसऱ्या आणि चौथ्या माणसाची आम्हांला कायम चणचण असते. मेंढपाळांच्या कुत्र्यांसाठी वाड्यावर पहाटेच जावे लागते, एकदा कळप हलला की दिवस गेला. या कामाला येणाऱ्याने रेबीजची प्रतिबंधक लस स्वतः आधी टोचून घेतलेली असावी, त्याशिवाय मी कोणालाही गाडीत घेत नाही.

एका बाबतीत मात्र माझे आणि वन विभागातल्या काही मित्रांचे मतभेद आहेत. उन्हाळ्यात टँकरने कृत्रिम पाणवठे भरायला स्वयंसेवक उत्साहाने येतात आणि त्याची बातमीही होते. चिंकारा हा कोरड्या मुलखाचा प्राणी आहे, पाल्यातून आणि दंवातून बरेचसे पाणी मिळवून तो दीर्घकाळ काढू शकतो. दर दोन-तीनशे मीटरवर पाणी ठेवले की त्याच पाण्यावर कुत्री येतात, आणि सगळे प्राणी एकाच कुंडावर तोंड लावतात म्हणून रोग पसरतो. दुष्काळी वर्षात पाणी द्यावेच लागते, त्याला माझा विरोध नाही. पण दरवर्षी, सगळीकडे, आणि कुंड न घासता पाणी भरणे मला पटत नाही. कुंड घासायला कोणी येणार असेल तर मी त्याचे आनंदाने स्वागत करेन.

वेताळटेकडी_सकाळ

पुतण्याच्या प्रश्नाचे उत्तर राहिले आहे. त्याला एक गोष्ट आजच सांगा: याच १९७२च्या कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात वन्यप्राणी पकडणे आणि तसा प्रयत्न करणे हेही येते. तेव्हा परवानगी नसताना बरणीत साप भरून त्याचे चित्रण प्रसारित करणारा मुलगा स्वतःला सर्पमित्र म्हणवत असला तरी कायद्याच्या दृष्टीने अडचणीत येऊ शकतो. जखमी प्राणी दिसला तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे, लोकांना लांब ठेवावे आणि गाडी येईपर्यंत त्याच्यावर पाणी ओतू नये. बावधनला वन्यप्राण्यांचे उपचार केंद्र आहे, तिथे प्रशिक्षण घेऊन शिकाऊ म्हणून सुरुवात करता येते, आणि ती सुरुवात पिंजरे धुण्यापासून होते. माझ्या धाकट्या बहिणीने चार महिने ते केले. पाचव्या महिन्यात तिला घारीच्या पिल्लाला चिमट्याने भरवायला मिळाले.

बिबट्यांचे म्हणाल तर जुन्नरचा इतिहास त्याने वाचावा. २००१ नंतरच्या काही वर्षांत तिथे मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून दुसरीकडे सोडले गेले, आणि डॉ. विद्या अत्रेय यांच्या अभ्यासात असे दिसले की त्यानंतर माणसांवरचे हल्ले उलट वाढले. आज तिथे चांगले काम होते ते ऊसतोडीच्या हंगामात. फडात बछडी सापडली की ती उचलून शहरात न नेता, तपासणी करून संध्याकाळी त्याच जागी खोक्यात ठेवतात, कॅमेरा लावतात, आणि बहुधा रात्रीतून आई येऊन एकेक करून उचलून नेते. स्वयंसेवकाचे काम अशा वेळी गावकऱ्यांना मोबाइल घेऊन फडाकडे जाण्यापासून अडवणे हे असते. त्यासाठी लागणारा संयम कोणत्याही शिबिरात शिकवत नाहीत.

आणि काका, कोथरूडहून भीमाशंकर शंभर किलोमीटरच्या वर आहे. ज्या शनिवारी जमणार नाही त्या शनिवारी आमच्या टेकडीवर या. १९८०च्या दशकापासून लावलेल्या गिरिपुष्पाने, म्हणजे उंदीरमारीने, टेकडीचा मोठा भाग व्यापला आहे आणि तिच्याखाली स्थानिक गवत व झुडपे फारशी वाढत नाहीत. अर्थात तीही वन विभागाची जमीन आहे, त्यामुळे करवत घेऊन परस्पर येऊ नका. आम्ही सध्या फक्त नोंदी करतो: कोणत्या भागात सालई, मेडशिंग, धावडा टिकून आहेत, कुठे नव्याने रोप आले. आणि हो, घुबडाचे घरटे किंवा खवले मांजराचे बीळ सापडले तर त्याचे ठिकाण समूहावर टाकू नका, अगदी ओळखीच्या समूहावरही नको.

कोथरूडकर_निवृत्त

सर्वांचे मनापासून आभार. आज सकाळी गोखलेनगरच्या वनभवनात जाऊन आलो. ‘जाळरेषा’ यांनी सांगितल्याप्रमाणे अर्ज लिहिला, त्यात जानेवारी ते मे दर शनिवार असे घातले, मग सौ.ने आठवण करून दिल्यावर एप्रिलमधले नातीच्या मुंजीचे, म्हणजे नातवाच्या (चूक झाली, माफ करा), दोन शनिवार वगळले. तेथील लिपिकाने अर्ज वाचून विचारले की आपण कोणत्या संस्थेचे. कोणत्याच नाही, असे सांगितल्यावर त्याने नवलाने पाहिले आणि शिक्का मारून दिला.

पशुवैद्य ताईंनी लिहिलेले वाचून बराच वेळ विचार करत बसलो. आमच्या सोसायटीने गेल्या दोन वर्षी सुप्याकडे वृक्षारोपणासाठी वर्गणी दिली होती आणि ती गोळा करणारा मीच होतो. यंदाच्या सभेत हा विषय मांडेन. ती रक्कम लशींकडे वळवता येईल का, हे ताईंनी कृपया सांगावे. पुतण्याला ‘पिंजरे धुणे’ हा शब्दप्रयोग वाचून दाखवला. तो म्हणाला की विचार करून सांगतो.

‘डिंभ्याच्या वरचे’ भाऊ, हिशेबाचे काम मला चालेल असे म्हणणे कमी पडेल. अडतीस वर्षे तेच केले आहे. फक्त एक शंका आहे: समितीचे हिशेब बाहेरच्या माणसाने पाहिलेले वन विभागाला आणि गावाला चालते का? आणि पहिल्या दिवशी मी काय घेऊन यावे?

सुप्याची_पशुवैद्य

वर्गणी थेट मला देऊ नका. रक्कम सभेत ठरली की पशुसंवर्धन दवाखान्याशी बोलून लशीची खरेदी सोसायटीच्याच नावे करू, म्हणजे पावती तुमच्याकडे राहील. आणि एका माणसाला वही धरायला पाठवा.

डिंभ्याच्या_वरचा

साहेब, समितीचा सदस्य-सचिव वन विभागाचाच वनपाल असतो, त्यामुळे त्यांच्या माहितीत राहूनच बसायचे. मी त्यांच्याशी बोललो आहे. आपण सही कशावरही करायची नाही आणि वह्या गावाबाहेर न्यायच्या नाहीत, एवढे दोन नियम त्यांनी सांगितले. लिहिणार मुलीच, आपण शेजारी बसून सांगायचे. गावसभेत मी तसे मांडले, तेव्हा एका म्हाताऱ्याने विचारले की हा माणूस पैसे किती घेणार. काही नाही म्हटल्यावर त्याचा विश्वास बसला नाही, तो आपण आल्यावर बसेल.

येताना दोन रुंद रोजकीर्द वह्या, एक खतावणी, टाचण्या आणि पावत्या चिकटवायला डिंक आणावा. घोडेगावात मिळतात, पण वह्यांचा कागद पातळ असतो आणि शाई पलीकडे उमटते. शिवाजीनगरहून सुटणाऱ्या सकाळच्या गाडीने आलात तर फाट्यावर मुलगा मोटारसायकल घेऊन उभा राहील. बिस्किटांचा डबा मी सचिवाकडून आणून ठेवला आहे. वरच्या थरातल्या पावत्या वाचता येतात, खालच्या थराला वाळवी लागली आहे.